दोन गोठलेल्या अवस्था : तापणारे पोलाद आणि त्यावरचा हिऱ्यासारखा कार्बन

धागा सुरू करतो.

१९०० सालच्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात अमेरिकेच्या बेथलेहेम स्टील कंपनीने एक लेथ चालवून दाखविला. पोलादाच्या फिरत्या दांड्यावर टेकलेले हत्यार इतके तापत होते की, त्याचे टोक लाल दिसू लागे आणि कापून निघणारा कीस निळा पडे. युरोपातील अभियंते ते पाहून थक्क झाले. त्यांच्या आजवरच्या अनुभवानुसार लाल झालेले हत्यार मऊ पडायला हवे होते, त्याची धार जायला हवी होती. ती जात नव्हती.

आजचा धागा या लाल टोकापासून निघतो आणि पाऊण शतकानंतर त्याच जातीच्या पोलादावर चढलेल्या एका काळ्या थरापाशी पोहोचतो. हा थर केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या भागाइतका पातळ असतो. त्याचे नाव हीरकसदृश कार्बन. कारखान्यात त्यास सरळ ‘डीएलसी’ म्हणतात. तो कठिनतेत हिऱ्याच्या वाटेवरचा आणि घसरटपणात ग्रॅफाइटाचा भाऊ आहे. उष्णतेपुढे मात्र तो विलक्षण हळवा ठरतो. लेथवरचे हत्यार जेथे लाल होऊनही टिकते, तेथे हा थर त्याच्या किती तरी आधी हार मानतो. असे का, हे समजण्यासाठी आधी लोहाराच्या पाण्याच्या पिंपाकडे जावे लागेल.

आपल्याकडे विळा, कुऱ्हाड किंवा छिन्नी यांना ‘पाणी देतात’. पोलाद लालबुंद तापवून पाण्यात बुडवायचे, एवढीच ती क्रिया. तापलेल्या पोलादात कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंच्या मधल्या जागांत मोकळेपणाने सामावलेले असतात. पोलाद सावकाश निवाले, तर ते बाहेर पडतात आणि लोखंडाशी वेगळे संयुग करतात. पोलाद तुलनेने मऊ राहते. एकदम निवविले, तर त्यांना बाहेर पडण्यास उसंतच मिळत नाही. ते आतच अडकतात आणि भोवतालची जालकरचना ताणून धरतात. या ताणलेल्या, कठीण रचनेस फ्रेंच धातुशास्त्रज्ञ फ्लोरिस ओस्माँ याने १८९५ साली जर्मन संशोधक आडोल्फ मार्टेन्स याच्या सन्मानार्थ ‘मार्टेन्साइट’ असे नाव दिले.

म्हणजे धार ही मुळात एक अडवून ठेवलेली अवस्था आहे. निसर्गाला जेथे जायचे होते, तेथे आपण त्यास जाऊ दिलेले नाही. पुन्हा उष्णता दिली की, अडकलेले अणू हलू लागतात आणि पोलाद आपल्या मूळ ओढीकडे परतते. लोहार हे रंगावरून ओळखतो. घासून चकचकीत केलेले पोलाद तापू लागले की, २२० ते २३० अंश सेल्सियसच्या सुमारास त्यावर गवती पिवळी छटा येते आणि ३०० अंशांच्या आसपास ते निळे होते. पिवळ्यापर्यंत ठीक, थोडा ठिसूळपणा जातो, धार राहते. निळ्याच्या पुढे साध्या कार्बन पोलादाची धार भरवशाची राहत नाही. (दक्षिण भारतातील उक्कू, म्हणजे युरोपीयांनी ज्यास ‘वूट्झ’ म्हटले, ते विख्यात पोलाद अनेकांच्या मनात आले असेल. त्याचे गुण वादातीत आहेत. पण तेही कार्बन पोलादच. तापलेल्या हत्याराचा हा नियम त्यासही चुकलेला नव्हता.)

यंत्रयुगास हा नियम जाचू लागला. तलवारीला सतत तापावे लागत नाही. लेथवरच्या हत्यारास लागते. कापण्याचा वेग वाढला की घर्षण वाढते, उष्णता वाढते आणि हत्यार बसते. एकोणिसाव्या शतकातील कारखान्याचा वेग अखेर हत्याराच्या टोकाच्या तापमानाने ठरत होता. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मशेट याने १८६८ साली टंगस्टन मिसळलेले पोलाद काढले. ते पाण्यात न बुडविताही नुसत्या हवेत कठीण होई आणि थोडी अधिक उष्णता सोसे. परंतु मोठी झेप घेतली ती बेथलेहेम येथील फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट या दोघांनी. होय, ‘वैज्ञानिक व्यवस्थापना’साठी घड्याळ घेऊन कामगारांच्या मागे उभा राहणारा तोच टेलर. त्याच्याविषयी मतभेद असू शकतात, आणि मला स्वतःला त्याचे ते घड्याळ फारसे प्रिय नाही. पण धातुकर्तनाचे त्याचे प्रयोग अजोड होते.

टेलर आणि व्हाइट यांनी १८९८ नंतरच्या प्रयोगांत टंगस्टन व क्रोमियम असलेले पोलाद जाणत्या कारागिरांच्या दृष्टीने ‘जळून वाया जाईल’ इतके, जवळजवळ वितळण्याच्या सीमेपर्यंत तापविले. अपेक्षा अशी की पोलाद बिघडेल. घडले उलटेच. त्या उष्णतेत टंगस्टन आणि क्रोमियम यांची कार्बाइडे लोखंडात विरघळली, आणि पुढे ५५० अंशांच्या सुमारास पुन्हा तापविल्यावर ती अतिशय बारीक कणांच्या रूपाने आतल्या आत प्रकट झाली. हे कण रचनेस पाचर मारल्यासारखे धरून ठेवतात. परिणामी पोलाद ६०० अंशांच्या जवळपासही कठीण राहते. हेच ते ‘हाय-स्पीड स्टील’, आपल्या कारखान्यांतील ‘एचएसएस’. १८ टक्के टंगस्टन, ४ टक्के क्रोमियम, १ टक्का व्हॅनेडियम हे त्याचे पुढे रूढ झालेले प्रमाण पुढील काही दशके जगभर चालले.

हत्यारी पोलादाचा सारा इतिहास असा एका आकड्याभोवती फिरतो : गोठवलेली अवस्था किती अंशांपर्यंत गोठलेली ठेवता येते? साध्या कार्बन पोलादासाठी दोनशेच्या थोडे वर. एचएसएससाठी सहाशेच्या जवळ. हा आकडा लक्षात असू द्या. पुढे तोच पुन्हा लागणार आहे.

आता दुसरे पात्र : कार्बन. त्याच्या वाट्याला दोन प्रसिद्ध रूपे आली. ग्रॅफाइटात प्रत्येक अणू तीन शेजाऱ्यांना घट्ट धरतो; पापुद्रे बनतात आणि ते एकमेकांवरून सहज घसरतात. हिऱ्यात तो चार शेजाऱ्यांना चारही दिशांनी धरतो, म्हणून हिरा कठीण. गंमत अशी की, आपल्या नित्याच्या हवेत आणि दाबात कार्बनची खरी स्थिर अवस्था ग्रॅफाइट हीच आहे. हिरा हाही एक अडवून ठेवलेला पाहुणा आहे. फक्त त्याला अडविणारी भिंत इतकी उंच की, सामान्य तापमानाला ती तो कधीच ओलांडत नाही.

हिरा उष्णतेला भितो, हे युरोपास सतराव्या शतकाच्या अखेरीस कळले. फ्लॉरेन्स येथे १६९४-९५ च्या सुमारास मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरे नाहीसे करून दाखविण्यात आले. १७७२ साली पॅरिसमध्ये आंत्वान लाव्वाझिये आणि त्याचे सहकारी याच प्रश्नामागे लागले. हिरा उडून जातो, की जळतो? मायार नावाच्या एका जवाहिऱ्याने आपले हिरे कोळशाच्या भुकटीत घट्ट बंद करून भट्टीत ठेवले होते; हवा पोहोचली नाही आणि ते सुखरूप निघाले. म्हणजे हिरा जळतो, आणि जळण्यास हवा लागते. १७९७ साली स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने सोन्याच्या नळीत सोऱ्याबरोबर हिरा जाळून दाखविले की, हिरा आणि कोळसा यांच्या समान वजनातून सारखाच कार्बन डायऑक्साइड वायू मिळतो. जगातील सर्वांत महाग रत्न आणि शेगडीतला कोळसा रासायनिक दृष्टीने एकच निघाले.

या प्रयोगांतून दोन धोके वेगळे झाले, आणि आपल्या विषयात ते वेगळे ठेवणे फार महत्त्वाचे आहे. हवेत हिरा सातशे-आठशे अंशांच्या सुमारास जळू लागतो. हवा नसेल तर तो जळत नाही. पण सुमारे दीड हजार अंशांच्या पुढे त्याचे ग्रॅफाइट होऊ लागते. जळणे आणि रूप पालटणे असे हे दोन मृत्यू आहेत.

लोखंड जवळ असेल, तर तिसराही आहे. डिसेंबर १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल याने कृत्रिम हिरा बनविला आणि उद्योगास वाटले, आता पोलाद कापण्याचा प्रश्न मिटला. तो मिटला नाही. तापलेल्या लोखंडास कार्बनची भूक असते. हिऱ्याची धार पोलादावर चालविली की, हिऱ्यातील कार्बन लोखंडात विरघळून जातो आणि जगातील सर्वांत कठीण पदार्थ आपल्याहून कितीतरी मऊ धातूपुढे झिजतो. याच कंपनीतील रॉबर्ट वेंटॉर्फ याने १९५७ साली घनीय बोरॉन नायट्राइड बनविले, त्याची खरी उपयुक्तता येथेच होती : हिऱ्याच्या खालोखाल कठीण, आणि त्यात कार्बन नाही. कठिनता हा हत्याराचा एकमेव गुण मानणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर ध्यानात ठेवावा.

हीरकसदृश कार्बनाची पहिली नोंद एका अनपेक्षित माणसाच्या नावावर आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइन्ट्स श्मेलेनमायर याने १९५३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ॲसिटिलीन वायूत विद्युत्-विसर्ग घडवून आणला असता पृष्ठभागावर काळा आणि अतिशय कठीण थर जमतो, असे त्यास आढळले होते. फारसे कोणी लक्ष दिले नाही. पण या माणसाची आधीची कथा इतिहासप्रेमी वाचकांनी जाणून घ्यावी अशी आहे. रिखार्ड गान्स हा ज्यू वंशाचा नामांकित भौतिकशास्त्रज्ञ नाझी राजवटीने विद्यापीठातून काढून टाकला होता. महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत श्मेलेनमायर बर्लिनमध्ये ‘रिओट्रॉन’ नावाचे कणत्वरक यंत्र उभारीत होता आणि या कामासाठी गान्स अपरिहार्य आहे, असे त्याने अधिकाऱ्यांना पटवून दिले. यंत्राच्या सबबीखाली गान्स वाचला. पुढे तो अर्जेंटिनास गेला. या विषयाच्या तांत्रिक लेखांत श्मेलेनमायरचे नाव पहिल्या संदर्भापुरते येते आणि तेथेच संपते. मला ते नेहमी खटकते.

थर पुन्हा प्रकाशात आला तो १९७१ साली. सॉल आयझेनबर्ग आणि रोनाल्ड शाबो या अमेरिकी संशोधकांनी कार्बनच्या आयनांचा झोत पृष्ठभागावर सोडला. जमलेला थर पारदर्शक होता, विजेचा अवरोधक होता आणि काचेवर ओरखडे काढीत होता. त्यांनी त्यास हिऱ्यासारखा कार्बन म्हटले आणि ते नाव रूढ झाले. यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, हा पृष्ठभाग तापविलेला नव्हता. कृत्रिम हिऱ्यास प्रचंड दाब आणि दीड हजार अंशांच्या आसपासची उष्णता लागली होती. येथे सामान्य तापमानातच हिऱ्याच्या जातीचे बंध तयार झाले होते.

हे कसे घडते, ते पाहिले की उरलेली कथा आपोआप उलगडते. वेगवान आयन पृष्ठभागावर आदळतो आणि आत घुसतो. ज्या जागी तो घुसतो, तेथे अणूंची दाटी होते. त्या क्षणिक दाबात चार हातांचे बंध जुळतात. आदळण्याची ऊर्जा भोवती पसरून ती जागा एका सेकंदाच्या एक अब्जांशाहूनही फार लहान काळात निवते. अणूंना आपापली सोयीची जागा शोधण्यास वेळच मिळत नाही. लोहाराने लाल पोलाद पिंपात बुडवावे, तीच ही क्रिया. फक्त एकेका अणूच्या प्रमाणावर आणि कल्पनेपलीकडील वेगाने. तयार झालेल्या थरात स्फटिकांची शिस्त नसते. हिऱ्याचे चार हातांचे आणि ग्रॅफाइटाचे तीन हातांचे बंध एकत्र गुंतलेले असतात, आणि वायू हायड्रोकार्बन असेल, तर बराच हायड्रोजनही. १९७६ साली ब्रिटनमध्ये हॉलंड आणि ओझा यांनी ब्यूटेन वायूच्या प्लाझ्मातून असा हायड्रोजनयुक्त थर मिळविला आणि तो मार्ग उद्योगास सोयीचा ठरला. दुसरीकडे युक्रेनमधील खारकीव येथे अक्स्योनोव आणि त्याचे सहकारी विद्युत्-चापातून निघणारा प्लाझ्मा वाकड्या नळीतून गाळून घेत होते. त्यातून हायड्रोजन नसलेला आणि हिऱ्याच्या बंधांनी अधिक समृद्ध असा थर मिळू लागला. हाच पुढे ‘टेट्राहीड्रल’ कार्बन म्हणून ओळखला गेला.

पोलादावर पाणी द्यायचे तर आधी ते तापवावे लागते. या थराचे उलट आहे. टेट्राहीड्रल कार्बन जमवीत असताना आधारपृष्ठ सुमारे २०० अंशांच्या वर गेले, तर हिऱ्याचे बंध टिकतच नाहीत; अणूंना हलण्यास अवधी मिळतो आणि ग्रॅफाइट होते. हे कवच थंडीतच जन्मते.

हत्यार बनविणाऱ्यांना नेमके हेच हवे होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस टायटेनियम कार्बाइडाचा लेप चढविण्याची पद्धत आली, पण तिच्यासाठी सुमारे १००० अंशांची भट्टी लागे. टंगस्टन कार्बाइडाच्या हत्यारांना ते चालले. पोलादाचे पाणी मात्र त्यात पूर्ण उतरले असते. पुढे १९८० च्या सुमारास निर्वातात, पाचशे अंशांच्या आत चढणारे टायटेनियम नायट्राइड आले आणि ड्रिल सोनेरी झाली. एचएसएसला पाचशे अंश सोसतात, कारण तिचे दुसरे तापवणे त्याच्याही वर झालेले असते. परंतु ज्या पोलादाचे पाणी दोनशे अंशांच्या आत उतरविलेले असते, म्हणजे बेअरिंगचे पोलाद, अनेक पंच आणि साचे, त्यांचे काय? त्यांच्यासाठी दोनशे अंशांच्या आत चढणारा, पोलादाहून दुप्पट-तिप्पट कठीण आणि वर घसरट असा लेप म्हणजे वरदानच होते.

आता ते हत्यार तापवू या.

हायड्रोजनयुक्त थरात साधारण ३०० ते ४०० अंशांच्या टप्प्यात हालचाल सुरू होते. हायड्रोजनचे अणू सुटून वायुरूपाने बाहेर पडतात. हायड्रोजन हा तेथे शोभेसाठी बसलेला नव्हता. तो अनेक कार्बन अणूंचा चौथा हात धरून होता. तो गेला की, मोकळे झालेले कार्बन अणू शेजाऱ्याशी तीन हातांची, ग्रॅफाइटाची घडी घालतात. आतील लहान लहान ग्रॅफाइटी पुंजके वाढू लागतात. कठिनता उतरते. थर हवेत असेल, तर त्याच सुमारास लाव्वाझियेने दाखविलेला पहिला मृत्यूही सुरू होतो : पृष्ठभाग ऑक्सिजनशी संयोग पावून वायू होतो आणि थर पातळ होत जातो. म्हणून उद्योगात अशा साध्या थराची हवेतील मर्यादा ३५० अंशांच्या आसपास धरतात. निर्वातात वा नायट्रोजनमध्ये मोजलेला आकडा याहून बराच मोठा असू शकतो. जाहिरातीत एखाद्या लेपाचे तापमान वाचाल, तेव्हा ते हवेतले की निर्वातातले, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हे रूपांतर पाहण्यासाठी जी पद्धत जगभर वापरली जाते, तिचा जन्म कोलकात्यातला. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी जाहीर केलेला प्रकाशाच्या विकिरणाचा परिणाम आज कार्बनच्या प्रयोगशाळेतील रोजचे साधन आहे. लेसरचा किरण थरावर टाकतात आणि परतलेल्या प्रकाशात १३५० आणि १५८० या तरंगसंख्यांजवळील दोन उंचवटे पाहतात. ताज्या थरात ते एकमेकांत मिसळून एकच पसरट टेकडी दिसते. थर तापत गेला की, पहिला उंचवटा डोके वर काढतो, दुसरा वरच्या बाजूस सरकतो आणि दोघे वेगळे दिसू लागतात. थर न मोडता, न खरवडता, तो किती ‘ग्रॅफाइटला’ आहे हे त्यावरून वाचता येते.

रासायनिक बदलाच्या जोडीला एक साधी यांत्रिक अडचणही आहे. आदळणाऱ्या आयनांनी दाटीवाटीने बनविलेला हा थर आतून प्रचंड दाबाखाली असतो. त्याखालचे पोलाद तापल्यावर प्रसरण पावते ते थराच्या कितीतरी पट. त्यात कार्बन आणि लोखंड यांची थेट पकड मुळातच चांगली नाही. म्हणून मध्ये क्रोमियम किंवा सिलिकॉन यांचा पातळ अस्तर-थर देतात. हे अस्तर नीट बसले नसेल, तर ग्रॅफाइट होण्याची वाट न पाहता थर पापुद्र्यांनी सुटून येतो. आणि खालचे पोलादच मऊ पडले तर? मग चिखलावर काच ठेवून तीवर पाय दिल्यासारखे होते. काच कितीही कठीण असो, ती फुटते.

येथे आधीचा आकडा परत येतो. हत्यारावर आता दोन अडवून ठेवलेल्या अवस्था एकावर एक आहेत : खाली गोठलेले पोलाद, वर गोठलेला कार्बन. उष्णता दोन्हींना सोडवू पाहते. प्रश्न इतकाच की आधी कोण सुटते? दोनशे अंशांत पाणी उतरविलेल्या पोलादावर थर चढविला असेल, तर पोलाद आधी सुटते. थराच्या मर्यादेची वेळच येत नाही. एचएसएसवर किंवा ॲल्युमिनियम ओतण्याच्या साच्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एच-१३ सारख्या उष्णकामाच्या पोलादावर तो चढविला, तर थर आधी सुटतो आणि पोलाद उघडे पडते. टेलर आणि व्हाइट यांनी पोलादास जो दोन-तीनशे अंशांचा अधिकचा प्रदेश मिळवून दिला, नेमक्या त्याच प्रदेशात साधा हीरकसदृश कार्बन टिकत नाही. म्हणूनच पोलाद वेगाने कापणाऱ्या धारेवर तो दिसत नाही. तेथे लोखंडाची कार्बनची भूकही वर आहेच. त्या जागी टायटेनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडासारखे लेप बसले. सुमारे ८०० अंशांपर्यंत ते टिकतात, कारण तापल्यावर ते स्वतःवर ॲल्युमिनियम ऑक्साइडाचे कातडे धरतात. कार्बनास ती सोय नाही. त्याचा ऑक्साइड वायू आहे. तो कातडे न होता उडून जातो.

इतके वाचून हा थर उष्णतेपुढे निव्वळ दुबळा आहे असे वाटेल. पण घर्षणाच्या अभ्यासकांनी याच दुबळेपणाची दुसरी बाजू दाखविली, आणि या संपूर्ण विषयातील मला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात तेव्हा ते सर्वत्र टेकत नाहीत. सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवर टेकतात. डच अभियंता ब्लोक याने १९३७ साली दाखविले की, अशा टोकांवर क्षणापुरते तापमान आसपासच्या धातूहून कितीतरी अधिक चढते. हत्यार हाताला कोमट लागत असताना त्या टोकांवर काहीशे अंश असू शकतात. तेथे, आणि तेवढ्याच जागी, कार्बनचे ग्रॅफाइट होते. तो घसरट ग्रॅफाइटी अंश समोरच्या पृष्ठभागावर लेपला जातो आणि मग घर्षण उतरते. १९९० च्या दशकात अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत अली एर्देमिर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी झिजेच्या रेषेत हे ग्रॅफाइटीकरण पाहिले. म्हणजे ज्या क्रियेने भट्टीत सारा थर मरतो, तीच क्रिया सुईच्या टोकाएवढ्या जागी घडली तर थर स्वतःच स्वतःला तेल घालतो. सुधारणा करणाऱ्यांची अडचण आता ध्यानात येईल. थर उष्णतेस अगदीच अचल केला, तर त्याचा घसरटपणाही धोक्यात येतो.

तरीही मर्यादा वर ढकलण्याचे प्रयत्न थांबले नाहीत. सर्वांत फलदायी ठरला तो सिलिकॉन. तीन हातांचा बंध सिलिकॉनला मानवत नाही; तो चारच हात धरतो, म्हणून त्याच्या भोवतीचे कार्बनही ग्रॅफाइटाकडे सहज वळत नाहीत. शिवाय हवेत तापल्यावर तो सिलिकाचे पातळ कातडे बनवितो. कार्बनकडे नसलेली सोय अशी उसनी मिळते, आणि हवेतील मर्यादा शंभर अंशांच्या आसपास वर सरकते. १९८० च्या दशकात टंगस्टन मिसळलेले थर आले. त्यांनी उष्णतेपेक्षा पकड आणि चिवटपणा यांत अधिक भर घातली. हायड्रोजन नसलेला टेट्राहीड्रल कार्बन तर सर्वांत सोशिक. त्यात सुटून जाण्यास हायड्रोजनच नाही. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात तो ६०० अंशांपर्यंत काही मिनिटे तापवून त्याच्या आतील ताण जवळजवळ नाहीसा करण्यात आला, आणि कठिनता मात्र हिऱ्याच्या जवळ राहिली. घडताना दोनशे अंश न सोसणारा हा थर घडल्यानंतर सहाशे सोसतो. अर्थात हवेत नव्हे. हवेत तोही पाचशे अंशांच्या अलीकडे-पलीकडे जळू लागतो.

उद्योगाने मात्र या संशोधनाची वाट न पाहता एक साधा मार्ग घेतला : थरास जेथे उष्णता कमी आणि घासणे जास्त, तेथे नेऊन बसविले. १९९७ साली डिझेल मोटारींत ‘कॉमन रेल’ पद्धत आली आणि इंधनाचा दाब १३५० बारपर्यंत चढला. त्या पंपांतील आणि इंजेक्टरमधील पोलादी भाग एकमेकांवर घासून चिकटू नयेत, म्हणून त्यांवर हा काळा कार्बन चढला. १९९८ साली जिलेटच्या ‘मॅक थ्री’ रेझरच्या पात्यांवर तो आला. दाढीच्या पाण्यापेक्षा अधिक उष्णता तेथे सोसावी लागतच नाही. आणि हत्यारांत त्याची हक्काची जागा ठरली ॲल्युमिनियमची. हा धातू पोलादी धारेस चिकटतो, ढिगारा करतो आणि कापलेला पृष्ठभाग बिघडवितो. कार्बनास तो सहसा चिकटत नाही, आणि ॲल्युमिनियम कापताना किंवा थंड साच्यात दाबताना तापमान थराच्या मर्यादेत राहते. वितळलेल्या ॲल्युमिनियमचा साचा ही गोष्ट निराळी. तेथे सातशे अंशांच्या आसपासचा रस थेट अंगावर येतो, आणि साच्यावर क्रोमियम नायट्राइडाच्या जातीचेच लेप दिसतात.

झिजलेल्या पंचावरून जुना थर काढण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. टायटेनियम नायट्राइड उतरवायचे तर रसायनांत बुडवावे लागते आणि खालच्या पोलादास अपाय होण्याची भीती असते. कार्बनचा थर उतरविताना हत्यार निर्वातकक्षात ठेवतात, आत ऑक्सिजन सोडतात आणि प्लाझ्मा पेटवितात. लाव्वाझियेच्या भिंगाखालील हिऱ्याप्रमाणे थर वायू होऊन पंपातून निघून जातो. पोलाद त्या वेळी फारसे तापतही नाही, त्याचे पाणी शाबूत राहते. उरलेले अस्तर साफ केले की, त्याच पंचावर नवा थर चढविण्यास तो मोकळा होतो.

धागा समाप्त.